तबकडी आणि तिचे यंत्र

इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने इ. स. १०८६ मध्ये आपल्या राज्यातील जमीन, नांगर व पाणचक्क्या यांची मोजदाद चर्मपत्रांवर लिहवून घेतली. 'डूम्सडे बुक' नावाचा तो ग्रंथ आजही वाचता येतो. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नवी मोजदाद केली. शाळकरी मुलांसह १० लाखांहून अधिक लोकांनी आपापल्या गावांची माहिती लिहून पाठविली. ती लेसर-तबकड्यांवर साठवून 'बीबीसी मास्टर' संगणकावर वाचावयाची होती. परंतु १५ वर्षांतच ती यंत्रे दुर्मीळ झाली. तबकडी शाबूत होती. वाचणारी यंत्रेच फारशी उरली नव्हती!

तेव्हा लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी तबकड्यांतील मजकूर उतरवून घेतला आणि नव्या संगणकाला जुन्याचे सोंग घ्यावयास शिकविले. 'एम्युलेटर' ही आज्ञावली जुन्या यंत्रासाठी लिहिलेली प्रत्येक सूचना वाचते आणि ते यंत्र जे करी तेच नव्या यंत्राकडून करविते. २००२ साली मुलांनी वर्णिलेली ती गावे साध्या संगणकाच्या पडद्यावर पुन्हा दिसू लागली. यापुढे दप्तरखान्यांनी कागदांप्रमाणेच ते वाचण्याची रीतही जतन केली पाहिजे, हा या प्रकरणाचा बोध होय.