रेकॉर्ड भारी होती, पण दुकानातच पोहोचली नाही : सत्तरच्या दशकातले विसरले गेलेले रॉक अल्बम

सत्तरच्या दशकातलं रॉक म्हटलं की लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड, क्वीन ही नावं पटापट आठवतात. फॅशन स्ट्रीटवरच्या टी-शर्टांवरही हीच मंडळी दिसतात. पण त्याच दशकात असेही काही अल्बम तयार झाले, जे तेव्हा फारसे कुणी ऐकलेच नाहीत. आज मात्र नवे बँड त्यांनाच गुरू मानतात.

मग तेव्हा घोडं अडलं कुठे? गाणी वाईट होती का? तर नाही. बहुतेक वेळा घोळ झाला तो स्टुडिओ आणि रेकॉर्डचं दुकान यांच्या मधल्या रस्त्यात.

बिग स्टार : नाव मोठं, पण माल गायब

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९७१ साली चार पोरांनी बँड काढला. स्टुडिओजवळ बिग स्टार नावाचं किराणा मालाचं सुपरमार्केट होतं, तेच नाव बँडला दिलं. १९७२ मध्ये पहिला अल्बम आला, त्याचं नाव 'नंबर वन रेकॉर्ड'. आत्मविश्वास बघा!

समीक्षकांनी अल्बम डोक्यावर घेतला. पण तो विकायची जबाबदारी होती स्टॅक्स या कंपनीकडे. स्टॅक्सचा हातखंडा सोल संगीतात, रॉकच्या बाजारात तिची पकड नव्हती. त्यातच स्टॅक्सने वितरणाचं काम कोलंबिया या बड्या कंपनीकडे दिलं. कोलंबियाने जुन्या वितरकांना बाजूला केलं आणि या गडबडीत बिग स्टारच्या रेकॉर्ड दुकानांपर्यंत पोहोचल्याच नाहीत.

त्या काळी याचा अर्थ फार मोठा होता. रेडिओवर गाणं ऐकलं की माणूस दुकानात जायचा. तिथे रेकॉर्ड नसेल तर दुसरी कुठली तरी घेऊन घरी यायचा. लिंक पाठवून 'हे ऐक' म्हणायची सोय नव्हती. पहिल्या फेरीत 'नंबर वन रेकॉर्ड'च्या १० हजार प्रतीही खपल्या नाहीत.

बँडमधला ख्रिस बेल वैतागून बाहेर पडला. १९७४ मध्ये उरलेल्या तिघांनी दुसरा अल्बम आणला, 'रेडिओ सिटी'. आपल्या एफएमचा याच्याशी काही संबंध नाही. त्याचीही तीच गत झाली. १९७५ मध्ये स्टॅक्स दिवाळखोरीत गेली. १९७८ च्या डिसेंबरमध्ये ख्रिस बेल कार अपघातात गेला. तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता.

चाक फिरलं ते ऐंशीच्या दशकात. आर.ई.एम. सारखे बँड मुलाखतींमध्ये बिग स्टारचं नाव घेऊ लागले. १९८७ मध्ये द रिप्लेसमेंट्स या बँडने तर बिग स्टारच्या गायकाच्या नावाचंच गाणं केलं, 'अ‍ॅलेक्स चिल्टन'. १९९८ मध्ये 'दॅट सेव्हन्टीज शो' ही मालिका सुरू झाली, तिचं शीर्षकगीत बिग स्टारचंच. लाखो लोकांनी ते ऐकलं, पण ते मुळात कुणाचं हे फार थोड्यांना माहीत होतं.

डेथ : नाव बदला, मगच करार

डेट्रॉइटमधले डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी हे तीन कृष्णवर्णीय भाऊ. १९७५ मध्ये त्यांनी सात गाणी रेकॉर्ड केली. वेगवान, रागीट, तुटक. पंक रॉक हा शब्द घराघरात पोहोचायच्या आधीची ही गोष्ट.

कोलंबियाचे प्रमुख राहिलेले क्लाइव्ह डेव्हिस यांनी रस दाखवला, पण बँडचं नाव बदलायला सांगितलं. डेव्हिडने ठाम नकार दिला आणि करार बारगळला. भावांनी १९७६ मध्ये पदरचे पैसे घालून एका सिंगलच्या ५०० प्रती छापल्या. बाकीच्या टेप घरातच पडून राहिल्या.

एक दिवस लोक ही गाणी शोधत येतील, टेप सांभाळून ठेव, असं डेव्हिडने बॉबीला सांगितलं होतं. २००० मध्ये डेव्हिड फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला. पुढे त्या ५०० प्रतींपैकी काही संग्राहकांच्या हाती लागल्या. गाणं पार्ट्यांमध्ये वाजू लागलं आणि बॉबीच्या मुलाने ते ऐकून वडिलांचा आवाज ओळखला. २००९ मध्ये ड्रॅग सिटी कंपनीने ती सातही गाणी अल्बम म्हणून काढली. लोक खरोखरच शोधत आले, पण डेव्हिड ते बघायला नव्हता.

विच : देशाचाच खिसा रिकामा झाला

आता आफ्रिकेत, झांबियात जाऊ. तिथे रॉक आणि स्थानिक संगीताच्या मिश्रणाला 'झॅमरॉक' म्हणतात. विच हा त्यातला गाजलेला बँड, १९७२ चा 'इंट्रोडक्शन' हा त्यांचा पहिला अल्बम. पण झांबियाची अर्थव्यवस्था तांब्यावर उभी होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यात तांब्याचे भाव कोसळले, लोकांच्या हातातला पैसा आटला. पुढे एड्सच्या साथीने अनेक वादक हिरावले. विचचा गायक जगारी चांदा रत्नांच्या खाणकामाकडे वळला. जुने अल्बम नव्याने निघाल्यावर तो पुन्हा मंचावर आला आणि २०२३ मध्ये विचचा नवा अल्बम 'झँगो' प्रसिद्ध झाला. त्याचे जुने साथीदार मात्र बहुतेक हयात नव्हते.

आणि आपली मुंबई?

सिगारेट कंपनीच्या 'सिमला बीट' स्पर्धेतून १९७० आणि १९७१ मध्ये भारतीय बँडच्या गाण्यांच्या दोन एलपी निघाल्या. मराठी रंगभूमीवरच्या आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे त्या काळातले मुंबईचे रॉक गायक. अलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी ज्युडास साकारला होता. मुंबईच्याच अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचा 'ऑब्सेशन ७७' हा त्या पिढीच्या मोजक्या पूर्ण अल्बमपैकी एक. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नाउ-अगेन कंपनीने या बँडचं संगीत पुन्हा प्रसिद्ध केलं.

पुन्हा सापडतात, पण मिळतं कुणाला?

विसरलेला अल्बम परत यायला तीन गोष्टी लागतात : जपलेली टेप किंवा निदान एक धड रेकॉर्ड, तिच्या मागे लागणारा वेडा संग्राहक, आणि कलाकाराला शोधून करार करणारी कंपनी. तिसरी गोष्ट झाली नाही तर परवानगीशिवाय काढलेल्या प्रती महागात विकल्या जातात आणि वादकाला दमडीही मिळत नाही. म्हणून अशी जुनी रेकॉर्ड विकत घेताना ती अधिकृत आहे का, एवढं जरूर बघा.

सुरुवात करायची असेल तर बिग स्टारचं 'थर्टीन' ऐका, मग डेथचं 'पॉलिटिशियन्स इन माय आइज'. आणि घरात एखाद्या काकांच्या माळ्यावर जुन्या एलपी पडल्या असतील, तर रद्दीत द्यायच्या आधी एकदा नावं वाचा.