मुदत संपलेला न्याय

“एकदा बघच,” म्हणत एका मैत्रिणीने मला ‘द ग्लोरी’ ही कोरियन मालिका पाहायला लावली. २०२२ च्या अखेरीस आलेली ही मालिका. शाळेत श्रीमंत घरच्या मुलांनी एका गरीब मुलीला छळलेलं, चटके दिलेले. पोलीस दाद देत नाहीत, शिक्षक तिच्यावरच हात उगारतात आणि आई पैसे घेऊन कागदावर सही करते. पुढे अनेक वर्षं ती मुलगी शांतपणे तयारी करते आणि छळणारीच्या लेकीची वर्गशिक्षिका होऊन समोर उभी राहते.

दोन भाग पाहून मी फोन केला, “अगं, किती हा द्वेष! तुला झोप कशी लागते?” ती म्हणाली, “सूड नाही गं बघत मी. शेवटी निकाल लागतो ना, म्हणून बघते.” तिच्या भावाच्या अपघाताचा खटला चौदा वर्षं चालू आहे.

मग मी त्या देशाचा इतिहास वाचायला घेतला. दक्षिण कोरियात खुनाच्या गुन्ह्यालाही मुदत होती. १५ वर्षं उलटली की खटलाच भरता येत नसे. २००७ मध्ये ती २५ वर्षं झाली, पण जुन्या गुन्ह्यांना त्याचा उपयोग नव्हता. १९९९ मध्ये दाएगू शहरात एका लहान मुलावर ॲसिड फेकलं गेलं आणि त्यात तो दगावला. गुन्हेगार सापडलाच नाही. आईवडील झगडत राहिले. २०१५ मध्ये खुनासाठीची मुदत रद्द झाली. तो कायदा त्या मुलाच्या नावाने ओळखला जातो, पण त्याच्या खटल्याची मुदत तोवर संपून गेली होती.

मोठ्यांची गोष्ट आणखी वेगळी. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने आंदोलक नागरिकांवर गोळ्या झाडल्या. तेव्हाचे लष्करशहा चुन डू-ह्वान यांना १९९६ मध्ये फाशीची शिक्षा झाली. अपिलात तिची जन्मठेप झाली आणि १९९७ च्या डिसेंबरात माफीही मिळाली. २०१२ च्या ‘२६ इयर्स’ या चित्रपटात ग्वांगजूत मेलेल्यांची मुलंच सूड घ्यायला निघतात. प्रत्यक्षात चुन २०२१ मध्ये घरी वारले, माफी न मागता.

याच ग्वांगजूतल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचारांवर २०११ मध्ये ‘सायलेन्स्ड’ हा चित्रपट आला. लोक संतापले. त्याच वर्षी संसदेने तेरा वर्षांखालील मुलं आणि अपंग यांच्यावरील अशा गुन्ह्यांची मुदत काढून टाकली.

म्हणजे चित्रपटगृहातून बाहेर पडलेल्या माणसांनी हातात सुरा घेतला नाही, कायदा मागितला. मैत्रिणीचं म्हणणं तेव्हा मला उमगलं. उरलेले भाग मी तिच्याच घरी बसून पाहिले. शेवट झाल्यावर तिने टीव्ही बंद केला आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली.