सातबारा नसलेल्यांचा कायदा

कायदा हे प्रस्थापितांचे हत्यार आहे, असे आपल्या चळवळीतील तरुण कार्यकर्ते सभांतून ठासून सांगतात. त्यांच्या म्हणण्यामागे अनुभव आहे. परंतु बाबासाहेबांनी आयुष्यभर कायद्याचाच मार्ग का धरला, या प्रश्नाचे उत्तर त्या विधानातून मिळत नाही. धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या उस्मानाबादेत, मी अनेक वर्षे शिक्षकी केली. दुष्काळ, भूकंप आणि आता माळरानावर आलेली नवी यंत्रे ही तिन्ही संकटे या जिल्ह्याने पाहिली. प्रत्येक वेळी कायद्याने भूमिहीनाला काय दिले, याचा हिशेब मला येथे मांडावयाचा आहे.

प्रथम १९७२ चा दुष्काळ. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली, माणसे लाल मिलोच्या भाकरीवर जगली. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, तलावांचे बांध घालीत होती. इंग्रजी अमदानीच्या फॅमिन कोडातही अशी कामे होती. पण तेथे आधी सरकारने दुष्काळ मान्य करावा लागे; म्हणजे भूक खरी की खोटी हे कलेक्टर ठरवी. काम हा सरकारचा उपकार होता, मजुराचा हक्क नव्हता.

हा संबंध रोजगार हमीने उलटा केला. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे या कल्पनेचा प्रयोग केला होता. दुष्काळाने त्या कल्पनेला बळ दिले. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील जो प्रौढ अंगमेहनतीचे काम करावयास तयार आहे त्याला काम मिळेल. १५ दिवसांत न मिळाल्यास बेकारी भत्ता, मग तो दिवसाला किमान १ रुपया का असेना. स्त्री-पुरुषांना एकच दर. आणि या खर्चासाठी शहरातील पगारदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर. काम मागणाऱ्याने जमीन किती, जात कोणती, पाटलाची शिफारस आहे काय, यांपैकी काहीही दाखवावयाचे नव्हते. त्याचे दोन हात हाच त्याचा दाखला होता. केंद्राने २००५ साली केलेला रोजगाराचा कायदा याच वाटेने गेला.

याचा अर्थ गावगाड्यात काय होतो, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. १९७८ साली नामांतराच्या निमित्ताने मराठवाड्यात दलितवस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. ज्याची चूल गावाच्या शेतावरील मजुरीवर पेटते त्याला बहिष्काराने गुडघ्यावर आणता येते. ज्याला तहसीलात जाऊन काम मागता येते त्याला वाकविणे तितके सोपे राहत नाही. कायद्याने जात मोडली नाही. पण जातीपुढे उभे राहण्यास लागणारी मजुरी तरी गावाच्या मुठीबाहेर काढली.

मात्र याच कायद्याची दुसरी बाजू आहे. आमच्या बायाबापड्यांनी पाझर तलावांची माती वाहिली; तलाव पाझरला तो खालच्या अंगाला विहीर असलेल्याच्या शेतात. श्रम भूमिहीनाचे, पाणी जमीनदाराचे! हे टाळता आले असते. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीवर न मोजता माणशी मोजला, भूमिहीनालाही वाटा धरला आणि उसाला मनाई केली. राज्याच्या कायद्याने ते तत्त्व उचलले नाही.

दुसरे संकट ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचे. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यातील सास्तूर परिसरात जाड दगडमातीच्या भिंती व वरचे मातीचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे ८,००० माणसे गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झाले, ५२ गावे नव्या जागी वसली. पण घर कोणाला केवढे द्यावयाचे? भूमिहीन व १ हेक्टरपर्यंतचा शेतकरी असेल तर २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्याला ४००, त्यावरच्याला ७५०. घर माणसांच्या डोक्यांवर मोजले नाही, सातबाऱ्यावर मोजले. आठ माणसांच्या भूमिहीन कुटुंबाला २५० आणि चार माणसांच्या मोठ्या शेतकऱ्याला ७५०, हे कोणत्या न्यायाने? धरणी हलली तेव्हा उतरंडही क्षणभर हलली होती. शासनाच्या फूटपट्टीने ती नव्या गावात सिमेंटमध्ये बसवून दिली.

तिसरे संकट आज चालू आहे. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला. पडीक व गायरान जमिनी भूमिहीनांना द्या, ही त्यातील मुख्य मागणी होती. मराठवाड्यात अनेकांनी माळ फोडून गायराने कसली. नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची अशी अतिक्रमणे नियमित करावयाचे ठरले. पुरावा काय? गाव नमुना १-ई मधील अतिक्रमणाची नोंद आणि भरलेल्या दंडाच्या पावत्या. ज्या कागदाने गुन्हेगार ठरविले, तोच कागद हक्काचा आधार झाला. पण कित्येकांची नोंदच कोणी घेतली नाही. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीनांना वा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा मिळाला असेल तर तो अपवाद ठरू शकतो, असेही म्हटले. म्हणजे नोंद असलेला वाचू शकतो, नसलेला उघड्यावर.

आता त्याच गायरानांवर शेतीच्या विजेसाठी सौर प्रकल्प येत आहेत. सूर्याच्या विजेला माझा विरोध नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला ती हवीच आहे. परंतु सरकारी दप्तरात मोकळी दिसणारी जमीन रानात मोकळी असतेच असे नाही. तीस वर्षे तेथे ज्वारी पेरणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही रकान्यात नसेल, तर यंत्र येण्याआधी तिला विचारणार कोण?

या तिन्ही कहाण्यांतून मला एकच गोष्ट दिसते. कायद्याने माणूस मोजला तेथे आपला माणूस तगला. कायद्याने मालमत्ता मोजली तेथे संकट ओसरल्यावर जुनीच विषमता नव्या रूपात उभी राहिली. १९४७ साली बाबासाहेबांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, असा आराखडा मांडला होता. तो घटनेत आला नाही; त्याची किंमत भूमिहीन आजही मोजतो आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे. मोर्चे काढा, पण त्याबरोबर दप्तरही उघडा. कामाच्या अर्जाची तारखेसह पोच घ्या, कारण पोच नसेल तर पंधरा दिवस कधीपासून मोजावयाचे? गावाच्या १-ई नोंदवहीची नक्कल मागा, जुन्या दंडाच्या पावत्या गोळा करा, सुटलेल्या नावांची यादी ग्रामसभेत मांडून ठरावात घ्या. आणि यापुढे दुष्काळ, भूकंप वा नवे यंत्र यांसाठी जो कायदा येईल, त्याला पहिला प्रश्न हाच विचारा: सातबारा नसलेल्याला तू कोठे उभा करतोस?