नाताळची भट्टी आणि शेजारचें ताट

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाची पायाभरणी, वेदी, घंटा आणि आजवर सेवा करून गेलेले धर्मगुरु यांचा वृत्तांत यावा हें योग्यच आहे. परंतु ज्या कुटुंबांनीं तें देऊळ पिढ्यान्‌पिढ्या भरून ठेविलें, त्यांच्या घरांतील चुलीचा इतिहास सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. डिसेंबर लागून हवेंत गारवा आला म्हणजे रवा भाजल्याचा, नारळ खवल्याचा आणि गूळ कढत असल्याचा वास आळीभर दरवळूं लागतो. एका ओटीवर चार घरच्या बायका जमतात, मुलें कंगव्यावर कुलकुल वळतात आणि ख्रिस्तजन्माच्या दिवशीं ताटें घरोघर फिरतात. ही चाल आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिला कांहीं पूर्वकथा असेल हें मनांत येत नाहीं. ती पूर्वकथा थोडक्यांत सांगावी असा या लेखाचा हेतु आहे. ती आजच सांगण्यास एक कारणहि आहे. तें ओघानें पुढें येईल.

नाताळच्या पक्वान्नांची कथा उपवासापासून सुरू होते. मध्ययुगांत युरोपांतील ख्रिस्ती लोक आगमनकाळ हा उपवासाचा काळ म्हणून पाळीत. त्या दिवसांत मांस तर वर्ज्य असेच, पण कित्येक ठिकाणीं दूध, लोणी आणि अंडीं यांसहि मनाई असे. जर्मनींतील सॅक्सनी प्रांतीं ‘श्टोलन’ नांवाचा नाताळचा पाव करीत. ड्रेस्डेन शहरांतील संत बार्थोलोम्यू इस्पितळाच्या १४७४ सालच्या हिशेबांत त्याचा उल्लेख सांपडतो. आज हा पाव सुका मेवा, मसाले आणि लोणी यांनीं संपन्न असतो. त्या वेळीं मात्र तो पीठ, खमीर, पाणी आणि थोडें तेल एवढ्यावरच होत असे. खाण्याजोगें तेल त्या थंड मुलखांत दुर्मिळ. जें मिळे त्यास उग्र वास येई. म्हणून सॅक्सनीचा इलेक्टर अर्न्स्ट आणि त्याचा भाऊ आल्ब्रेख्त यांनीं रोमकडे विनंति केली, आणि १४९१ सालीं परमगुरुस्वामी आठवे इनोसंट यांनीं लोणी वापरण्याची परवानगी दिली. जो कोणी लोणी वापरील त्यानें प्रायश्चित्तादाखल कांहीं द्रव्य धर्मकार्यास द्यावें, अशी अट तींत होती. हें पत्र ‘लोण्याचें पत्र’ म्हणून इतिहासांत प्रसिद्ध आहे.

याच सॅक्सनींत १७३० सालीं ऑगस्टस राजानें मोठा लष्करी मेळा भरविला आणि सुमारें अठराशें किलो वजनाचा एकच श्टोलन भाजविला. राजाची ही हौस बखरींत शोभते. परंतु आपल्या विषयास अधिक जवळची गोष्ट त्या प्रांतांतील साध्या गृहस्थांची आहे. घरोघर मोठी भट्टी असणें शक्य नव्हतें. म्हणून गृहिणी आपल्या घरचें पीठ, लोणी आणि मनुका घेऊन गल्लींतील पाववाल्याकडे जात, आणि तो सर्वांचे श्टोलन आपल्या भट्टींत भाजून देई. कोणता कोणाचा हें कळावें म्हणून त्यांत कुटुंबाच्या नांवाची लहानशी पत्र्याची खूण खोंचून ठेवीत. भट्टी एक, सामग्री ज्याची त्याची आणि घरीं जातांना प्रत्येकाच्या हातीं आपापलें. नाताळच्या भाजणावळीचा हा जुना रिवाज ध्यानांत ठेवावा. तो आपल्या देशांतहि पुनः भेटणार आहे.

फ्रान्स देशांत तीन राजांच्या सणाला, म्हणजे ६ जानेवारीस, जो केक कापतात, त्याचा एक तुकडा गरिबासाठीं राखून ठेवण्याची जुनी चाल आहे. घरांत जितकीं माणसें तितकेच तुकडे न करितां एक अधिक करावयाचा. कोण येईल तें ठाऊक नाहीं, पण त्याचा वाटा आधींच काढून ठेवलेला असतो.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. १५१० सालीं आफोन्सो द आल्बुकेर्क यानें गोवें जिंकलें. पोर्तुगीजांस गव्हाच्या पावाची सवय. मिस्साबलीसहि गव्हाचीच भाकर लागे. परंतु येथील मुख्य धान्य तांदूळ, आणि युरोपांतील खमीर येथें मिळेना. तेव्हां माडाची सूर पिठांत घालून पाव फुगविण्याची युक्ति निघाली, आणि गोव्यांत पदेर हा नवा कारागीर उदयास आला. पक्वान्नांचेंहि असेंच झालें. बदाम महाग, म्हणून ब्राझीलहून पोर्तुगीजांनींच आणलेल्या काजूचें मार्झिपान होऊं लागलें. गाईच्या दुधाऐवजीं नारळाचा रस आला. मैद्याच्या जोडीला रवा आणि तांदुळाचें पीठ आलें. दोदोलांत गूळ आला. नांवें पुष्कळशीं परकीं राहिलीं, पण अन्न या मातीचें झालें.

बेबिंक हें त्याचें उत्तम उदाहरण होय. अंड्यांचा बलक, साखर, नारळाचा रस, तूप आणि थोडा मैदा यांचें तें थरावर थर रचलेलें पक्वान्न. जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठाचें काम १६०६ सालीं सुरू झालें. तेथील एका धर्मभगिनीनें बेबिंक प्रथम केलें अशी दंतकथा आहे. दंतकथा म्हणूनच ती घ्यावी. त्याच्या कृतींतील गोष्ट मात्र निश्चित आहे. भांड्यावर झांकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवितात, म्हणजे वरून मिळालेल्या आंचेनें थर तांबूस होतो. एक थर भाजला कीं त्यावर तूप सोडून दुसरा ओतावयाचा. असे सात, कधीं त्याहून अधिक थर. हें काम तासन्‌तास चालतें आणि निखाऱ्यावरील लक्ष क्षणभरहि ढळून चालत नाहीं. एक बाई नारळाचा रस काढणार, दुसरी निखारे पालटणार, तिसरी थर ओतणार, तेव्हां कोठें बेबिंक सिद्धीस जातें. दोदोलाचेंहि तसेंच. तो घट्ट होत आला म्हणजे डाव फिरविणाऱ्याचा हात भरून येतो, आणि दुसऱ्यानें पुढें व्हावें लागतें. म्हणून एकत्र येणें ही निव्वळ हौस नव्हती. तें त्या कामाच्या जातींतच होतें.

या ताटाचें नांवहि मननीय आहे. पोर्तुगालांत नाताळच्या पूर्वरात्रीच्या भोजनास ‘कोन्सोआदा’ म्हणतात. त्या शब्दाचें नातें सांत्वनाशीं लावितात. त्यावरूनच कोंकणींत ‘कुस्वार’ हा शब्द आला असें जाणते सांगतात. गोव्यांत आणि मंगळुराकडे नाताळच्या गोड पदार्थांच्या समूहास हेंच नांव आहे. उपवासानें थकलेल्या देहाचें सांत्वन करणारें जेवण, येथें येऊन, शेजाऱ्यास पाठवावयाचें ताट झालें.

वसई प्रांताची कथा याहून फारशी निराळी नाहीं. २३ डिसेंबर १५३४ रोजीं, म्हणजे नाताळास अवघे दोन दिवस उरले असतां, गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें तहान्वयें वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढें दोन शतकांनीं, १७३९ सालच्या मे महिन्यांत, चिमाजी अप्पांच्या सैन्यानें वसईचा किल्ला घेतला आणि येथील पोर्तुगीज अंमल संपला. गव्हर्नर गेले, फिदाल्गो गेले, मठ ओस पडले. परंतु येथील ख्रिस्ती शेतकरी, कोळी आणि वाडवळ आपापल्या वाड्यांत राहिले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची श्रद्धा व त्यांचे सण राहिले. राज्यें बदललीं तरी चुलीवरची विद्या आईकडून मुलीकडे येत राहिली. मुंबई, साष्टी आणि वसई या भागांतील मूळच्या ख्रिस्ती लोकांनीं १८८७ सालीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. तरी त्यांच्या घरचें नाताळचें ताट त्या नांवाहून पुष्कळ जुनें आहे. कुलकुल, न्यूरी, खजुराचे रोल, पेरूचें चीज, मिल्क क्रीम, रवा-नारळाची थाळी आणि ताडी घालून फुगविलेल्या पिठाच्या तळलेल्या फुग्या हें सर्व त्यांत येतें.

यांतील न्यूरी म्हणजे आपली करंजीच. दिवाळींत जें सारण शेजारच्या हिंदु घरीं भरतात, त्याच जातीचें सारण नाताळांत आपल्या घरीं भरलें जातें. करंज्या करावयास चौघींनीं जमावें, एकीनें लाटावें, दुसरीनें भरावें, तिसरीनें मुरड घालावी, ही रीत दोन्ही घरीं एकच. त्यांचें दिवाळीचें ताट आपल्याकडे येतें, आपलें नाताळचें त्यांच्याकडे जातें. आणि आलेलें ताट रिकामें परत करूं नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हा नियम कोणी कोणास शिकविलेला नाहीं.

इंग्रजांच्या काळांत त्यांचा सुक्या मेव्याचा केक आला, आणि त्याबरोबर भट्टीचा प्रश्न पुनः उभा राहिला. चुलीवर करंजी तळतां येते, पण केकाला चोहों बाजूंनीं सारखी आंच लागते. तेव्हां मुंबई-पुण्याकडे इराणी आणि गोंवेकर पाववाल्यांच्या भट्ट्या उपयोगी पडल्या. घरीं मिश्रण तयार करावें, तें थाळ्यांत ओतून पाववाल्याकडे न्यावें, त्याच्या पावांचा घाणा निघाल्यावर उरलेल्या आंचेंत तें भाजून घ्यावें, आणि आपली थाळी ओळखूं यावी म्हणून तिला कांहीं खूण करावी. दिवाळीच्या सुमारास हिंदु कुटुंबें घरचा रवा, मैदा, तूप व साखर नेऊन याच भट्ट्यांवरून नानकटाई करून आणीत. सॅक्सनींतील गृहिणी आणि पुण्याच्या छावणींतील गृहिणी यांनीं एकमेकींस कधीं पाहिलें नाहीं. पण अडचण एकच होती, म्हणून तोडगाहि एकच निघाला. भट्टीपाशीं वाट पाहात उभें असतां कोणाच्या घरीं काय चाललें आहे तें सर्वांस कळे. कोणाचा मुलगा जहाजावरून परतला, कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या घरीं यंदा चूलच पेटली नाहीं, हें सर्व तेथेंच समजे.

टंचाईच्या काळांतहि ही रीत उपयोगी पडणारी होती. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, मुंबईंत रेशन सुरू झालें. माणशीं मोजून मिळणाऱ्या सामग्रींतून एकट्या कुटुंबानें सणाचें सर्व करणें कठीणच. चार घरांनीं आपापला वांटा एकत्र केला तर मात्र प्रत्येक ताटांत चार जिन्नस दिसूं शकतात. गरिबीनें शिकविलेलें हें गणित आहे.

येथें या लेखाचें कारण येतें. आज घरोघर विजेची किंवा गॅसची भट्टी आहे. खमीर पुडींत मिळतें, खवलेला नारळ पिशवींत मिळतो, आणि कांहींच करावयाचें नसेल तर सर्व कुस्वार डब्यांत भरून मिळतें. आपल्यांतील कित्येक भगिनी घरीं केक आणि मिठाई करून विकतात. तो प्रामाणिक उद्योग आहे आणि त्यानें अनेक संसारांस हातभार लागला आहे. दिवसभर नोकरी करून आलेल्या स्त्रीनें रात्रीं निखारे फुंकीत बसावें असें कोणी म्हणूं नये. आणि ज्यांनीं कधीं नारळहि खवला नाहीं त्या पुरुषांनीं तर मुळींच म्हणूं नये. पूर्वी जें एकत्र करणें भाग होतें, तें आतां भाग राहिलेलें नाहीं, एवढाच याचा अर्थ. गरज होती तोंवर शेजारधर्म आपोआप पाळला गेला. यापुढें तो मनानें पाळावा लागेल.

न पाळल्यास काय जाईल? पहिली जाईल ती विद्या. आपल्या वृद्ध स्त्रियांचीं मापें पुस्तकांत नाहींत; तीं त्यांच्या ओंजळींत आहेत. “पीठ हाताला लागेनासें झालें कीं पुरे” हें वाक्य ऐकून कळत नाहीं, तें पीठ हातीं घेऊनच कळतें. ती बाई गेली कीं तें मापहि जातें. दुसरें जाईल तें मुलांचें शिक्षण; कारण कुलकुल वळावयास बसलेलें मूल, वेडावांकडा का होईना, आपला वांटा उचलण्यास शिकतें. आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. ज्या घरीं वर्षभरांत मृत्यु झाला, त्या घरीं सणाचें गोड करीत नाहींत. दिवाळींत हिंदु शेजारी आणि नाताळांत आपण, अशा घरीं ताट पाठवीत आलों. जो आपल्यापुरताच डबा विकत आणतो, त्याला हें घर दिसेलच असें नाहीं. ज्या ताटाचें नांवच सांत्वनावरून पडलें, तें सांत्वनाची गरज असलेल्या दारीं गेलें नाहीं, तर मग उरली ती केवळ मिठाई.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं दोन सूचना नम्रपणें कराव्याशा वाटतात. प्रत्येक आळीनें आगमनकाळांतील एक दिवस ठरवून, एका घरीं किंवा देवळाच्या आवारांत, एकत्र बसून निदान एक पदार्थ करावा. म्हाताऱ्यांनीं सांगावें, तरुणांनीं मापें लिहून घ्यावीं, आणि नारळ फोडण्याचें व दोदोल घोटण्याचें काम पुरुषांनीं आपल्याकडे घ्यावें. आणि ताटें भरतांना पहिलें ताट, ज्या घरीं यंदा चूल पेटली नाहीं त्या घरासाठीं बाजूस काढावें. तें घर कोणत्याहि धर्माचें असो. बेथलेहेमांत ज्याला उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं, त्याचा जन्मोत्सव आपण करितों. त्याच्या नांवानें भरलेलें ताट कोणाच्या दारीं जावें, हें वाचकांस वेगळें सांगण्याचें कारण नाहीं.