तळटीप : १९४९चा उद्दिष्टांचा ठराव

लियाकत अली खान यांनी ७ मार्च १९४९ रोजी पाकिस्तानच्या संविधान सभेत मांडलेला आणि १२ मार्चला मंजूर झालेला हा ठराव तिथल्या धर्माधिष्ठित कायद्यांचे मूळ मानला जातो. ते अर्धेच खरे आहे. १९५६पासून तिन्ही संविधानांच्या प्रास्ताविकेत तो होता, हा आक्षेप रास्त. पण प्रास्ताविकेच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नव्हती. ती ताकद त्याला झिया उल हक यांनी १९८५ साली संविधानात कलम २अ घालून दिली, आणि त्याच वेळी ठरावातल्या अल्पसंख्याकांच्या धर्मपालनाच्या हमीतला ‘मुक्तपणे’ हा शब्द गाळला गेला. तो अठराव्या घटनादुरुस्तीने २०१० साली परत आला. संविधान सभेचे सदस्य श्रीशचंद्र चट्टोपाध्याय यांनी सभागृहात ठरावाला केलेला विरोध किती दूरदर्शी होता, हे यावरून दिसते. तरी १९८५चा दोष सर्वस्वी १९४९च्या माथी मारणे अन्यायाचे होईल.