प्रोसेसर बदलला, मूळ कोड हाती होता

आमच्या मालवणच्या शाळेत तळहाताएवढा एक संगणक-बोर्ड आला. त्याला जुन्या संगणकाचा यूएसबी वाय-फाय जोडला, तर तो चालेना. पुण्यात नोकरी करणारा माझा एक माजी विद्यार्थी सुट्टीत घरी आला होता. तो म्हणाला, "सर, जुना संगणक इंटेलचा, ३२ बिटांचा. हा एआरएम, ६४ बिटांचा. ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करावा लागेल." मी उर्दू-मराठी शिकवणारा माणूस. दोन संध्याकाळी त्याच्या शेजारी बसलो आणि मग या कामाचा इतिहास वाचत गेलो.

कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी. मेमरी, डिस्क, नेटवर्क सगळं त्याच्या ताब्यात. मॉड्यूल म्हणजे त्याच्यात गरजेप्रमाणे घालायचा तुकडा, बहुधा एखाद्या यंत्राचा ड्रायव्हर. त्याचा सोर्स कोड माणसाला वाचता येतो. कंपाइल केला की त्याच्या एका ठरावीक प्रोसेसरच्या आज्ञा होतात. दुसऱ्या प्रोसेसरला त्यांतलं अक्षर कळत नाही.

१९७३ मध्ये युनिक्सचं कर्नल सी भाषेत नव्यानं लिहिलं गेलं, आणि ते एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याची वाट मोकळी झाली. १९७७-७८ मध्ये ते इंटरडेटाच्या यंत्रांवर नेलं गेलं. त्या काळातला एक किस्सा संगणकवाल्यांत प्रसिद्ध आहे: नव्या यंत्रावर यू-एन-आय-एक्स ही अक्षरं एन-यू-एक्स-आय अशी उमटली. कारण बाइट मांडण्याचा क्रम वेगळा होता. उर्दू शिकणाऱ्या मुलांना हे चटकन समजावं. आपली ओळ उजवीकडून डावीकडे जाते, पण तिच्यातला १९४७ हा आकडा डावीकडून उजवीकडेच वाचायचा. इंटेल लहान बाइट आधी ठेवतो, जुना स्पार्क मोठा.

लिनस टॉरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स लिहिलं ते इंटेल ३८६ पुरतं. १९९५ च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स हे प्रोसेसरही आले. अल्फा ६४ बिटांचा होता. मेमरीचा पत्ता ३२ बिटांत मावतो असं धरून लिहिलेल्या ओळी तिथे उघड्या पडल्या.

महाराष्ट्रात हा प्रवास पुण्याच्या सी-डॅकनं केला. अमेरिकेकडून हवा तो क्रे महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये ही संस्था उभी राहिली. विजय भटकर तिचे प्रमुख. १९९१ च्या परम ८००० मध्ये ब्रिटिश ट्रान्सप्युटर होते, १९९८ च्या परम १०००० मध्ये सनचे अल्ट्रास्पार्क, तर परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर-४. २००३ मध्ये पद्म जगातल्या ५०० वेगवान संगणकांच्या यादीत आला. प्रोसेसर दर वेळी परक्याचा आणि वेगळा. पण संगणक एकमेकांना जोडणारं परमनेट सी-डॅकचं स्वतःचं होतं. अशा जोडणीचा ड्रायव्हर यंत्र बदललं की नव्यानं बसवावा लागतो, आणि सोर्स आपला असेल तरच तो बसवता येतो.

आमच्या बोर्डावरही तेच झालं. सुदैवानं त्या वाय-फायचा सोर्स मोकळा होता. त्यात दोन अडचणी निघाल्या. एका ठिकाणी मेमरीचा पत्ता ३२ बिटांच्या चलात ठेवला होता, तो नव्या यंत्रावर अर्धा कापला जाई. दुसरं, टायमर सुरू करण्याची जी पद्धत त्यात होती, ती लिनक्सच्या ४.१५ आवृत्तीपासून काढून टाकलेली आहे. विद्यार्थ्यानं जेमतेम दहा-बारा ओळी बदलल्या. त्या बदलांची वेगळी फाइल म्हणजे पॅच. मग बोर्डावर चालणाऱ्या कर्नलच्या नेमक्या आवृत्तीशी जुळवून त्यानं मॉड्यूल कंपाइल केलं, कारण आवृत्ती जुळली नाही तर कर्नल ते दारातूनच परत पाठवतं. दुसऱ्या संध्याकाळी मगरिबच्या आधी वाय-फायचा दिवा लागला.

शाळेच्या कपाटात एक स्कॅनरही पडून आहे. यंत्र धडधाकट आहे, पण बनवणाऱ्यानं इंटेलसाठी कंपाइल केलेली फाइलच दिली, सोर्स दिला नाही. नव्या बोर्डापुढे आमचा हुशार विद्यार्थीही तिथे हात टेकतो. आमच्यासारख्या शाळांना यंत्रं वारंवार घेणं परवडत नाही. म्हणून खरेदी करताना किमतीसोबत आता आणखी एक प्रश्न मी विचारतो: याच्या ड्रायव्हरचा सोर्स मिळतो का? आणि त्या दहा-बारा ओळींचा पॅच, कोणती ओळ का बदलली या मराठी-उर्दू टिपणासह, शाळेच्या संगणक-वहीत लावून ठेवला आहे.