स्पिटफायर आणि आमचा शेतसारा

गेले तीन रविवार १/७२ स्केलचं स्पिटफायर जोडतोय. दोन्ही पंख मिळून जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर! डेकल लावलं 'यूएम' अक्षरांचं, म्हणजे रॉयल एअर फोर्सचं १५२ 'हैदराबाद' स्क्वॉड्रन. नाव निजामाच्या देणगीवरून. बोधचिन्हात त्याचं शिरोभूषण. १९४० साली हे स्क्वॉड्रन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जर्मन विमानांशी लढलं.

आमचं नांदेड तेव्हा निजामाच्याच राज्यात. आजोबा देगलूरकडे कोरडवाहू शेती करायचे, शेतसारा भरायचे. म्हणजे देणगी निजामाची, पण त्याची तिजोरी भरली कोणी? तिकडे स्वातंत्र्यासाठी विमानं, आणि इकडे हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून बंदी! आम्हाला स्वातंत्र्य मिळालं थेट सप्टेंबर १९४८ मध्ये.

असो. मॉडेलच्या स्टँडखाली बारीक अक्षरात आजोबांचं नाव लिहून ठेवलंय.